सहा टोपणं, मोजून

...आणि झोप काही येईना! म्हणजे विचित्रपणा बघा तुम्ही. पोटात गुंगीचं औषध, तीन दिवस त्या गुंगीनं मी संध्याकाळी सातलाच सतरंजीवर आडवी होत होते, आणि ज्या क्षणी बाटलीवरचं 'गुंगी येऊ शकते' हे वाचलं, त्या क्षणापासून डोळे टक्क उघडे! औषधाला सुद्धा आपण पकडले गेलो असं वाटलं असावं. छताकडे बघत पडलेय, शेजारी लेक खोकतेय, पलीकडे नवरा घोरतोय, आणि माझ्या डोक्यात एकच... उद्या दुपारी दोनला माझी ड्युटी आहे, आणि माझ्या अंगात सहा टोपणं औषध आहे. आता जाऊन सांगू, की न सांगता जाऊ, की जाऊच नको?

तुम्ही म्हणाल, बाई, खोकल्याचं औषध ते, त्यात एवढं काय? अहो, तेच तर! तुम्ही कुठल्या दुकानात असता, कुठल्या कचेरीत असता, तर काही नव्हतं. मी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये बसते. समोर हा एवढा पॅनल, त्यावर बटणं, बटण दाबलं की तिकडे दूर सांधा सरकतो, गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते. एका गाडीत सहाशे माणसं. कोणी डबा उघडून जेवतंय, कोणी खिडकीला डोकं टेकून झोपलंय, आणि त्यांना पत्ताच नाही की आपण कुठे वळायचं हे एक खोकल्याचं औषध प्यायलेली बाई ठरवतेय!

म्हणून आमच्याकडे नियम आहे. दारू पिऊन कामावर यायचं नाही, हे तर झालंच. पण कालची उरलेली पण अंगात असता कामा नये. अमली काही नाही. आणि औषध, मग ती सर्दीची गोळी का असेना, घेतलं असेल तर पॅनलवर बसायच्या आधी सांगायचं. न सांगता बसलात आणि सापडलात की प्रमाणपत्र गेलं. पॅनलवर बसायचं प्रमाणपत्र हो. ते गेलं की मी आणि केबिन यांचा संबंध संपला. आणि बाळंतपणानंतर, लेकीच्या आजारपणांनंतर, चार वर्षांनी, पुन्हा अभ्यास करून, पुन्हा परीक्षा देऊन, दोन महिन्यांपूर्वी मी त्या खुर्चीत परत बसले होते! नियमांच्या परीक्षेत मी पहिली आले होते. त्यात 'मद्य व अमली पदार्थ' या प्रश्नाला दहापैकी दहा! परीक्षक म्हणाले होते, "वा! तुम्हाला तर पाठच आहे. तसा नियम अगदी सोपा आहे म्हणा."

नियम अगदी सोपा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते त्या दिवशी भेटेल त्या माणसानं ऐकवलंय.

आता तुमच्या मनात असेल की मुलीचं औषध ही का प्यायली. विचारा, विचारा. सगळ्यांनी विचारलंय.

त्याचं असं झालं. आमची भिंगरी, वय वर्षं चार, हिला शुक्रवारी खोकला झाला. मुलांच्या डॉक्टरांनी बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ पाच मिली, बाटलीच्या टोपणावर रेघ आहे, तिथपर्यंत. पहिलं टोपण तिनं थुंकलं, ते माझ्या ओढणीवर. दुसरं थुंकलं, ते भिंतीवर. आता मूल खोकून खोकून निळं होतंय आणि औषध भिंतीला लागतंय, अशा वेळी आईनं काय करावं? मी म्हटलं, "बघ हं, आई पण पिते! आपण शर्यत लावू!" झालं. भिंगरीचे डोळे चमकले. तिनं भातुकलीतला पेला आणला माझ्यासाठी आणि लगेच शर्यतीचे नियम केले. माझं औषध टोपणानं मोजून पेल्यात, तिचं टोपणातच, आणि दोन्ही टेबलावर ठेवायची. हात पाठीमागे. डोळे बंद. तिनं एक-दोन-तीन म्हणायचं आणि तीन म्हटलं की उचलून प्यायचं. आणि रिकामा पेला डोक्यावर उलटा धरून दाखवायचा.

आणि काय सांगू तुम्हाला, प्यायली! एक थेंब न सांडता! मी डोळे उघडेपर्यंत हिचं टोपण डोक्यावर उलटं! दर वेळी तीच पहिली. माझंच मेलं संपता संपत नसे. पाच मिली ते केवढंसं, पण दोन-दोन घोट व्हायचे. कडू गोष्ट जास्तच वाटते, नाही का? एकच काळजी वाटायची मला, की ही 'एक' म्हणते, 'दोन' म्हणते, आणि 'तीन' म्हणायला फार वेळ लावते. एक... दोन... आणि शांतता. मी आपली डोळे मिटून उभी. चार वर्षांची झाली, तिला तीन आठवू नये? शेजारणीची याच वयाची, ती शंभरपर्यंत म्हणते. मी तर बालवाडीच्या बाईंना विचारणार सुद्धा होते.

तर अशा सुट्टीचे शनिवार, रविवार आणि रजा टाकलेला सोमवार, सकाळ-संध्याकाळ, सहा शर्यती झाल्या. सहाही मी हरले. आणि सोमवारी रात्री सातव्या खेपेसाठी औषध पुरेल का म्हणून बाटली दिव्यासमोर धरली, तर ती बारीक अक्षरं दिसली. तुम्ही वाचलीयेत कधी? मुंगीनं लिहिल्यासारखी असतात. नवऱ्याचा चष्मा लावून वाचलं. अल्कोहोल, इतके टक्के. पुढे, गुंगी येऊ शकते. त्याच्याही पुढे, हे औषध घेतल्यावर वाहन अथवा यंत्र चालवू नये.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेच होतं.

नवऱ्याला हलवलं. "अहो, मी तीन दिवस दारू पितेय." तो ताडकन उठून बसला. मग सगळं ऐकलं आणि परत आडवा झाला. "अगं, नियम अगदी सोपा आहे. दारू पिऊन कामावर जायचं नाही. तू दारू प्यायलीस का? औषध प्यायलीस. झोप." अहो पण औषधात दारू आहे ना! "मग दारूत औषध नाहीये ना? झोप." आता या वाक्याला काही अर्थ आहे का? मी रात्रभर अर्थ शोधला. नाही सापडला. त्याला मात्र झोप सापडली.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं, पण बाटली माझ्या हातात आणि माझा चेहरा तो तसा, लपणार कसं? "काय म्हणालीस? अल्कोहोल? म्हणजे... ती? माझ्या नातीच्या पोटात?" त्यांनी बाटली दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तशी, आणि माळ्यावर नेऊन ठेवली. "तुझे सासरे पायाला लागलं तर जखमेवर सुद्धा स्पिरिट लावू द्यायचे नाहीत!" आणि वर, "तरीच! तरीच म्हटलं तू सातलाच घोरतेस कशी! मला वाटलं, नोकरीनं दमते बिचारी." बघा, तीन दिवस मी बिचारी होते. एका लेबलामुळे ते पण गेलं.

त्या गोंधळात भिंगरीचं सकाळचं औषध राहिलंच. तिनंही आठवण केली नाही. गालातल्या गालात हसत खोकत होती.

मग मी गाठलं औषधाचं दुकान. म्हटलं, केमिस्टला विचारावं, याचा अंमल किती वेळ राहतो. रांग ही एवढी. माझा नंबर आल्यावर मी अगदी हळू आवाजात, काउंटरवर वाकून म्हटलं, "मुलांच्या खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोल मोठ्या माणसाला... म्हणजे... किती वेळ..." आणि तो माणूस, देव त्याचं भलं करो, आतल्या पोऱ्याला नाही, बायकोला नाही, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "काय? चढतं का विचारताय?" मागचे आजोबा पुढे सरकले. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं! मी म्हटलं, नाही हो, मी रेल्वेत आहे... तर अख्खी रांग "अरे बापरे!" मी चुकून कबुलीजबाब दिल्यासारखं झालं. तो म्हणाला, "ताई, नियम अगदी सोपा आहे. मुलांचं औषध मुलांना द्यायचं." खरंच होतं ते. आजोबांनी दोन बाटल्या घेतल्या.

दीड वाजता मी केबिनखाली उभी. सांगू, की न सांगू? सांगितलं तर काय होईल? आज पॅनलवर बसू देणार नाहीत. का नाही बसू देणार, तर औषध घेतलंय. मग रजा टाका. रजा कशासाठी, तर औषध घेतलंय. औषध कोणाचं, तर दुसऱ्याचं. दुसऱ्याचं औषध घेणं हा वेगळा प्रकार, त्याचं वेगळं कलम! आणि न सांगता बसले तर? कोणाला कळणार होतं? कोण्णाला नाही! त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मनात आलंच ते. वाटलं, काल संध्याकाळचं टोपण ते, आत्तापर्यंत विरलं असेल... आणि तेवढ्यात समोरून एक गाडी गेली. खिडकीत एक बाई, मांडीवर मूल, मुलाचं तोंड उघडं, झोपलेलं. गेली ती गाडी. कोणीतरी बटण दाबलं होतं आणि त्याचं डोकं ठिकाणावर होतं, म्हणून गेली.

मी जिना चढले.

वर आमचे साहेब. आम्ही त्यांना कलमसाहेब म्हणतो, कारण ते चहा सुद्धा कलमाप्रमाणे पितात. आधी फुंकायचं यंत्र. नळी तोंडात धरा, सलग फुंका, थांबू नका. मी फुंकलं. आमच्या एका ड्रायव्हरचं मला आठवत होतं. त्यानं एकदा कसल्यातरी औषधी पाण्यानं चूळ भरली आणि फुंकलं, तर यंत्र बोंबललं होतं. पंधरा मिनिटांनी परत फुंकलं तेव्हा शून्य आलं, पण तोपर्यंत त्याच्या बायकोला तीन फोन गेले होते! तेव्हापासून तो दात घासताना घड्याळ बघतो. माझं काय येणार? यंत्रानं विचार केला... केला... शून्य! शुद्ध शून्य!

आणि तिथे मी गप्प बसून खुर्चीत बसायचं होतं, नाही का? शहाणी बाई बसली असती. मी म्हटलं, "साहेब, मला काही सांगायचंय."

साहेबांनी फॉर्म काढला. माणसानं "सांगायचंय" म्हटलं की त्यांचा हात आपोआप फॉर्मकडे जातो.

"औषध?"
"खोकल्याचं."
"खोकला कोणाला?"
"मुलीला."
"औषध कोणी घेतलं?"
"मी."

साहेबांनी पेन ठेवलं. मग उचललं. "परत सांगा. खोकला मुलीला."
"हो."
"आणि औषध तुम्ही."
"मुलीनं पण, साहेब! दोघींनी. बरोबर. म्हणजे शर्यतीत."
"शर्यतीत." त्यांनी फॉर्म उलटा करून बघितला, मागे कुठे 'शर्यत' असा रकाना आहे का ते. नव्हता. "मुलीला गुण आला?"
"नाही हो, खोकतेच आहे."
"आणि तुम्हाला?"
"मला खोकला नव्हताच ना."
"म्हणजे तुम्हाला पूर्ण गुण आहे," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, देव जाणे.

मी विचारलं, साहेब, पण यंत्र तर शून्य दाखवतंय! तर म्हणाले, "यंत्र दारू बघतं, बाई. गुंगी यंत्राला दिसत नाही. गुंगी आपण सांगायची असते." मी म्हटलं, लेबलवर लिहिलंय यंत्र चालवू नये, मी यंत्र कुठे चालवते, मी बटणं दाबते! "आणि बटणानं काय चालतं?" मग मी म्हटलं, आता नोकरी जाणार का माझी, तेवढं सांगा. तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जरा माणसासारखे बोलले. "बाई, नियम अगदी सोपा आहे. औषध घेणं हा गुन्हा नाही. आजारी पडणं हा गुन्हा नाही. लपवणं हा गुन्हा आहे, आणि खोटा आकडा देणं हा त्याहून मोठा. तुम्ही आलात, सांगितलंत. मिटलं. आता फक्त किती घेतलंत ते अचूक सांगा, म्हणजे डॉक्टरीणबाई ठरवतील कधी बसायचं ते."

मग फोनवर आमच्या डॉक्टरीणबाई. त्यांना नेहमी गाडी पकडायची असल्यासारखी घाई. "किती? एकदम किती? शेवटचं कधी?" मी खडाखडा म्हटलं, एका वेळी पाच मिली, दिवसातून दोनदा, तीन दिवस, सहा टोपणं, शेवटचं काल संध्याकाळी सातला. "नक्की पाचच? जास्त नाही? पाच असेल तर उद्या दुपारी बसा. दहा असतं तर मी आधी बोलावून तपासलं असतं. म्हणून विचारते. नक्की?" आणि मी, नियमांच्या परीक्षेतली पहिली, छाती काढून म्हटलं, "मोजून सांगते, बाई! टोपणावर रेघ आहे. माझ्या हातानं मोजलंय. एक थेंब इकडे नाही की तिकडे!"

साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, सहा टोपणं, प्रत्येकी पाच मिली. खाली छापलेलं होतं, वरील माहिती सत्य आहे, त्यात काही बदल आढळल्यास मी तत्काळ कळवीन. त्याखाली मी सही केली. अशी सही मी लग्नाच्या रजिस्टरात सुद्धा केली नव्हती! ठसठशीत, खाली रेघ मारून. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं असली की आम्हाला निवांत झोप लागते." संध्याकाळी सहापर्यंत मला मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं लावायला बसवलं, आणि मी गाणं म्हणत लावली. शेरा नाही, चौकशी नाही, प्रमाणपत्र शाबूत! उद्या दुपारी दोनला मी माझ्या खुर्चीत. इतकं हलकं वाटत होतं, की संध्याकाळी घरी येताना मला वाटलं, सगळे म्हणत होते ते बरोबरच होतं. नियम खरंच अगदी सोपा आहे. आपणच डोकं खाऊन घेतो. खरं बोललं की झालं!

घरी आले. सासूबाईंची समजूत काढली, माळ्यावरून बाटली उतरवली, सातची वेळ, टोपण रेघेपर्यंत भरलं. भिंगरी पळत भातुकलीतला पेला घेऊन आली आणि टेबलावर ठेवून हात पाठीमागे करून उभी. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "बाळा, आजपासून आई शर्यतीत नाही हं. आईला ऑफिसात प्यायची बंदी आहे. आजपासून तू एकटीच पहिली!"

भिंगरीचा चेहरा पडला. टोपणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत टोपणाकडे.

"मग माझं कोण पिणार?"

मी हसले. हसलेच हो! म्हटलं, "तुझं तूच, राणी! रोज तूच पितेस ना? डोक्यावर टोपण उलटं धरून दाखवतेस ना?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं तो केमिस्ट बघत होता, जसे साहेब बघत होते. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कळत नाही म्हटल्यावर बघतात ना, अगदी तसं. ते दोन-दोन घोट आठवले. एक... दोन... आणि ती शांतता आठवली. तीन न आठवण्याची! फॉर्मवरची माझी ठसठशीत सही, तिच्याखालची रेघ, आणि 'तत्काळ कळवीन'... तत्काळ म्हणजे आत्ता, की उद्या सकाळी चालेल? साहेबांना काय सांगू, की आकडा दुप्पट आहे, कारण चार वर्षांच्या मुलीनं...? मी खाली बसले. अगदी हळूच विचारलं, "भिंगरे... 'दोन' म्हटल्यावर तू काय करायचीस गं?"

आणि माझी लेक, कमरेवर हात ठेवून, मला समजावत म्हणाली,

"अगं आई, नियम अगदी सोपा आहे. तू डोळे मिटलेस की माझं तुझ्यात."